खाडीकाठच्या बागायतीसाठी धूपरोधक काठभिंत

पावसाळा संपल्यावर कोकणातील खाडीकाठच्या नारळ-सुपारीच्या बागांतून फेरी मारली, की काठाची माती ढासळलेली आणि कडेचा एखादा माड मुळांसकट खाली गेलेला बहुतेक ठिकाणी दिसतो. बाणवली जातीचा माड फळावर यायला सहा-सात वर्षे लागतात आणि पुढे तो दोन पिढ्या उत्पन्न देतो. गेलेल्या माडाच्या जागी दुसरा लावता येतो, पण ज्या जमिनीवर लावायचा ती जमीनच गेलेली असते. साहजिकच बागायतदार भिंत बांधायला निघतो. गवंडी येतो, चिरा येतो, सिमेंट येते, दोन-तीन वर्षांचे उत्पन्न त्या भिंतीत जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात ती भिंत खाडीत आडवी होते.

अशा पडलेल्या भिंती थोड्या लक्षपूर्वक पाहाव्यात. त्या बहुतेक वेळा खाडीच्या बाजूला पडलेल्या असतात. लाटेच्या माऱ्याने पडल्या असत्या तर त्या बागेकडे पडायला हव्या होत्या. म्हणजे समोरून येणाऱ्या लाटेचा विचार करून भिंत जाड केली तरी ती ज्या कारणांनी पडते ती कारणे तशीच राहतात. ही कारणे मुख्यतः दोन आहेत. एक, भिंतीच्या पायथ्याची वाळू-माती निघून जाते. दोन, भिंतीच्या मागे पाणी साचते. या लेखात त्यांचाच विचार केला आहे. विषय तसा स्थापत्य अभियंत्याचा. पण भिंत वाडीत बांधली जाते आणि तिचा निम्मा प्रश्न पाणी, माती व मुळे यांचा असतो, म्हणून बागायतदाराला तो समजलेला बरा.

काठभिंत म्हणजे काय?

काठाची माती जागेवर धरून ठेवण्यासाठी आणि बेताच्या लाटांपासून काठाचा पायथा राखण्यासाठी बांधलेल्या उभ्या भिंतीला इंग्रजीत बल्कहेड म्हणतात. येथे तिला काठभिंत म्हटले आहे. खुल्या समुद्राच्या लाटा अंगावर घेणारा बंधारा ही वेगळी गोष्ट आहे. रत्नागिरीजवळ मिऱ्या, मालवणजवळ देवबाग अशा ठिकाणी समुद्राच्या बाजूने होणारी धूप एकट्या शेतकऱ्याने भिंत बांधून थांबणारी नाही. ते काम शासकीय यंत्रणेचे आहे. पुढील माहिती खाडीच्या आतल्या भागातील, तीन ते पाच मीटर उंचीच्या माती-मुरमाच्या काठासाठी आहे.

धूप लाटेची की पावसाची?

भिंतीचा विचार करण्यापूर्वी हे ठरवावे. काठाच्या तळाशी आडवी खोबण पडली असेल आणि वरची माती पुढे छज्जासारखी लोंबत असेल, तर पायथा लाटेने खाल्ला जात आहे. पायथा शाबूत आहे, पण वरून खाली घळी पडल्या आहेत, काठापासून एक-दोन मीटर आत समांतर भेगा आहेत, मधूनच ओलसर पाझर दिसतो, अशी स्थिती असेल तर धूप पावसाच्या व पाझराच्या पाण्याने होत आहे. अशा ठिकाणी खाली कितीही मजबूत भिंत बांधली तरी वरून दरड येतच राहते. तेथे वरचे पाणी वळवणे आणि उतार झाडोऱ्याने बांधणे एवढ्यावरही काम भागू शकते. पुष्कळ ठिकाणी दोन्ही प्रकार एकत्र असतात.

धुपेचा वेग मोजण्यासाठी काठापासून पाच मीटर आत, दर दहा मीटरवर एकेक खुंटी ठोकावी. दर महिन्याच्या अमावास्येला खुंटीपासून काठापर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. एक पावसाळा एवढे केले तर कोणत्या भागात किती माती जाते ते दिसते. काठ पन्नास मीटर लांब असला तरी भिंतीची गरज वीसच मीटरमध्ये आहे, असेही निघू शकते.

लाट केवढी येईल?

लाटेची उंची ठरवायला मोठी उपकरणे लागत नाहीत. उथळ पाण्यात लाट पाण्याच्या खोलीच्या सुमारे पाऊणपटीहून, नेमके सांगायचे तर ०.७८ पटीहून, जास्त उंच राहू शकत नाही. ती आधीच फुटते. म्हणून काठाच्या पायथ्याशी जास्तीत जास्त किती खोल पाणी येते एवढे समजले, की भिंतीपर्यंत येऊ शकणाऱ्या मोठ्यात मोठ्या लाटेची उंची कळते.

ही खोली पावसाळ्यातील अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या भरतीला मोजावी. भरतीची ढोबळ वेळ काढायची मच्छीमारांची रीत चांगली आहे: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. खाडीत आत गेल्यावर ही वेळ काहीशी पुढे सरकते. नेमक्या वेळा व उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या वार्षिक कोष्टकांत मिळतात. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आणि मे २०२१ मधील तौक्ते यांच्या वेळी पाणी काठावर कोठवर चढले होते, याची खूण घरातल्यांना किंवा शेजाऱ्यांना आठवत असेल तर तीही विचारून घ्यावी.

समजा, पायथ्याशी जास्तीत जास्त एक मीटर पाणी येते. मग लाट जास्तीत जास्त ०.८ मीटरची. पायथ्याशी टाकायचा दगड तिने हलू नये यासाठी, एकास दोन उताराच्या दुहेरी थराला, काळ्या दगडाचा एकेक तुकडा साधारण ८० किलोचा लागतो. पाणी दोन मीटर असेल तर लाट दुप्पट होते, पण दगड आठपट, म्हणजे ६०० किलोच्या पुढे जातो. लाटेची उंची दुप्पट झाली की दगडाचे वजन आठपट होते हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. जांभा काळ्या दगडापेक्षा हलका असल्याने पाण्यात त्याचे वजन फारच कमी भरते. ८० किलोच्या काळ्या दगडाचे काम करायला जांभ्याचा तुकडा पावणेदोनशे ते दोनशे किलोचा लागेल. बांधकामाचा चिरा तर तीसेक किलोचा असतो. म्हणून चिरा भिंतीला वापरावा, पायथ्याला काळाच दगड टाकावा. या एका बाबतीत काटकसर करू नये.

पायथा

उभ्या भिंतीवर आपटलेली लाट नाहीशी होत नाही; ती परत फिरते आणि खाली घुसते. त्यामुळे भिंत नसताना जेवढी वाळू हलली नसती तेवढी भिंतीमुळे हलते. भिंतीपुढे जास्तीत जास्त किती खोल खड्डा पडेल याचा ढोबळ अंदाज म्हणजे लाटेच्या उंचीएवढा. आपल्या उदाहरणात ०.८ मीटर. पाया अर्धा मीटर खोल घेतला असेल तर पहिल्याच मोठ्या उधाणात तो उघडा पडणार.

पाया सध्याच्या तळापासून किमान एक मीटर खाली न्यावा. कोकणात पुष्कळ ठिकाणी त्याआधीच कातळ लागतो. तसा लागल्यास कातळात १५ ते २० सेंटिमीटर खाच घेऊन भिंत त्यात बसवावी. नुसती कातळावर ठेवलेली भिंत घसरते. भिंतीपुढे दीड ते दोन मीटर रुंदीचा काळ्या दगडांचा दुहेरी थर पसरावा. त्याखाली जिओटेक्स्टाइल कापड किंवा खडीचा थर द्यावा, नाहीतर दगड हळूहळू चिखलात बुडतात. या दगडांना सिमेंट लावू नये. खाली खड्डा पडला तर सुटे दगड त्यात उतरून तो बुजवतात; सिमेंटने जोडलेला थर मात्र वर तसाच अधांतरी राहतो आणि नंतर एकदम मोडतो.

मागचे पाणी

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडा हिशेब करू. पायापासून माथ्यापर्यंत एकूण तीन मीटर उंचीची, तळाला १.८ मीटर आणि माथ्याला ०.६ मीटर जाडीची चिऱ्याची भिंत घेऊ. एक मीटर लांबीच्या भिंतीचे वजन सुमारे ७.२ टन भरेल. मुरमावर ती जास्तीत जास्त ४.३ टनांपर्यंतचा आडवा रेटा घसरल्याशिवाय सोसू शकेल.

मागची माती कोरडी किंवा नुसती ओलसर असेल तर तिचा रेटा दर मीटर लांबीला सुमारे २.७ टन असतो. भिंत निश्चिंत उभी राहते. आता मागे माथ्यापर्यंत पाणी तुंबले असे समजू. पाण्यात बुडालेल्या मातीचे वजन निम्म्यावर येते, त्यामुळे मातीचा रेटा १.३५ टनांवर उतरतो, पण पाण्याचा स्वतःचा रेटा ४.५ टन त्यात येऊन मिळतो. एकूण ५.८५ टन. भिंत ४.३ टनच सोसू शकते. ती सरकणार. पायाखाली पाणी शिरून तिला वर उचलू लागले तर त्याहून लवकर.

भरतीच्या वेळी समोरूनही पाण्याचा दाब असतो, त्यामुळे भिंत तोलून राहते. खरी कसोटी ओहोटीला लागते. दिवसभर मुसळधार पाऊस झाला आहे, बागेतील माती तुडुंब भिजली आहे आणि उधाणाची ओहोटी लागून समोरचे पाणी झपाट्याने उतरले आहे, अशा वेळी मागचा सगळा भार एकट्या भिंतीवर येतो. रात्री भरतीला सांभाळलेली भिंत सकाळी ओहोटीला पडलेली आढळते, त्याचे कारण हे आहे.

आपल्या जुन्या लोकांनी खाडीकाठी घातलेले बिनसिमेंटचे गडगे अनेक ठिकाणी अजून उभे आहेत. ते मजबूत म्हणून टिकले असे नाही, त्यांच्या फटींतून पाणी आरपार जाते म्हणून टिकले. सिमेंटची भिंत घालताना आपण त्या फटी बुजवतो. त्यांची जागा घेणारी व्यवस्था मुद्दाम करावी लागते. भिंतीत दर दीड ते दोन मीटरवर ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी नळ्या बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवाव्यात. एक ओळ जमिनीलगत, दुसरी तिच्यावर मीटरभर अंतराने. खालची ओळ भरतीत बुडाली तरी चालते. ओहोटीबरोबर तीच पाणी काढून टाकते.

नुसत्या नळ्या ठेवल्या तर पाण्याबरोबर मातीही निघून जाते आणि भिंतीमागे पोकळी होते. म्हणून मागे गाळणी हवी. भिंतीला लागून ४० ते ६० मिलिमीटरची खडी, तिच्यामागे १० ते २० मिलिमीटरची खडी, नंतर जाड वाळू, मग माती. प्रत्येक थर किमान १५ सेंटिमीटर. एवढे थर नीट घालणे मजुरांना कटकटीचे वाटते. त्याऐवजी न विणलेले जिओटेक्स्टाइल कापड आणि त्याच्यापुढे ३० सेंटिमीटर खडी चालते. गोणपाट कुजते, प्लॅस्टिकचा कागद पाणीच अडवतो. दोन्ही वापरू नयेत. भिंतीमागे भरायला खाडीचा चिखल घेऊ नये, मुरूम घ्यावा.

उंची, साहित्य आणि बांधणीची वेळ

भिंत काठाच्या पूर्ण उंचीची बांधण्याची गरज नसते. पाणी एक मीटर, लाट ०.८ मीटर, म्हणून तळापासून वर सुमारे दोन मीटर उंची पुरेशी होते; अधिक पाया एक मीटर. भिंतीची मागची बाजू उभी आणि खाडीकडील बाजू तिरकी ठेवावी. वरून उडून आलेल्या पाण्याने मागची माती उकरली जाऊ नये म्हणून माथ्यामागे एक ते दीड मीटर रुंदीची सपाट पट्टी ठेवून तीवर सुटा दगड बसवावा. या पट्टीमुळे वरच्या उताराचा भारही भिंतीपासून दूर राहतो. काठ चढून लगेच उतार सुरू केला तर वरच्या हिशेबापेक्षा रेटा बराच वाढतो.

माडाचे ओंडके उभे गाडून केलेली भिंत तात्पुरता आधार म्हणून ठीक आहे. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे समुद्री किडे असतात, त्यामुळे फार वर्षे मोजू नयेत. लोखंडी पत्रे व सळया गंजतात. काँक्रीट करायचेच असेल तर सळईवर किमान ७५ मिलिमीटर आवरण असावे. पुळणीची वाळू मिठामुळे बांधकामाला निरुपयोगी, शिवाय ती काढली की काठाचीच धूप वाढते. मालासाठी पाणी गोडेच वापरावे, विहिरीचे पाणी मचूळ असेल तर बाहेरून आणावे.

काम दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलअखेर संपवावे. तौक्ते वादळ मेच्या मध्यावर आले होते; मे महिना हाताशी धरू नये. पायाची खुदाई उधाणाच्या ओहोटीला करावी, कारण तेव्हा पाणी सर्वांत दूर जाते. एका वेळी तीन-चार मीटरच लांबी उघडावी आणि ती भरून झाल्यावर पुढची घ्यावी. सगळा काठ एकदम खणून ठेवला तर भिंत होण्यापूर्वीच दरड खाली येते आणि खाली माणसे काम करत असतात.

भिंतीची टोके आणि शेजारी

भिंत जेथे संपते तेथे पाणी वळसा घालून मागे शिरते. दोन्ही टोके काटकोनात किंवा थोडी तिरपी वळवून काठात किमान तीन मीटर आत न्यावीत. धूप जास्त असेल तर याहूनही आत.

याची दुसरी बाजू अशी, की भिंतीवरून परतलेली लाट शेजारच्या उघड्या काठावर जाते, आणि आपल्या काठाची जी माती-वाळू पूर्वी वाहून जाऊन शेजाऱ्याच्या पायथ्याशी साचत होती ती आता मिळत नाही. त्यामुळे भिंतीलगतच्या बागेची धूप वाढते. यावरून वाद होतात आणि शेजाऱ्याची तक्रार बहुधा खरी असते. एका रांगेतील चार-पाच बागायतदारांनी मिळून सलग भिंत घातली तर टोके दोनच राहतात, दगड एकदम आणता येतो आणि अभियंत्याचा खर्चही वाटला जातो. तीन मीटरपेक्षा उंच भिंत असेल किंवा जवळ घर असेल तर अभियंत्याकडून आराखडा करून घेतल्याशिवाय काम हाती घेऊ नये.

भिंतीच्या वरचा उतार

भिंत पायथा राखते, वरचा काठ आपल्याला राखायचा असतो. उभा काठ एकास दीड अशा उताराला आणावा, म्हणजे दोन मीटर उंचीला तीन मीटर जागा जाईल. तीन मीटर जमीन आपल्या हाताने कापणे जिवावर येते हे खरे. पण उभा काठ पावसात स्वतःच ढासळून तो उतार घेतो आणि जाताना माडही नेतो.

काठापासून तीन-चार मीटर आत, काठाला समांतर असा उथळ चर काढून बागेतील पावसाचे पाणी एका बाजूला दगडी मोरीतून खाली सोडावे. चर काठाच्या अगदी कडेला काढू नये; त्यातले पाणी मुरून भेग मोठी होते. कडेच्या ओळीतील माडांची आळी मोठी ठेवून पाट सोडण्याची पद्धत बंद करावी. तेथे ठिबकने किंवा हाताने बेताचेच पाणी द्यावे. नवी लागवड काठापासून किमान एक ओळ, म्हणजे साडेसात मीटर, आत घ्यावी. खाडीकडे कललेला माड वाऱ्यात हलून काठ सैल करतो. असा माड तोडावा, पण बुंधा व मुळे तशीच राहू द्यावीत. तो आपोआप पडला तर मुळांबरोबर गाडीभर माती घेऊन जातो.

उतारावर वाळा उत्तम. पहिला चांगला पाऊस झाल्यावर जूनमध्ये, समपातळीत ओळी घेऊन १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर ठोंब लावावेत. दोन ओळींत एक मीटर उभे अंतर ठेवावे. ठोंब जवळ लावले तरच कुंपणासारखी सलग ओळ तयार होते. फूटभर अंतरावर लावलेल्या वाळ्यातून पाणी वाट काढते. पहिले वर्षभर गुरे सोडू नयेत. वाळूच्या भागात मर्यादावेल, काठाच्या वरच्या बाजूस केवडा व उंडी चांगली येतात. सुरू लवकर वाढते म्हणून लावली जाते, पण अरुंद काठाच्या अगदी कडेला ती उंच वाढून वाऱ्यात हलते, म्हणून आत लावावी.

खाडीचा काठ चिखलाचा असेल आणि समोर तिवर, चिपी, कांदळ यांची झाडी असेल तर भिंतीचा विचार बाजूला ठेवावा. कांदळवन लाटेचा जोर आधीच मोडते आणि गाळ धरते. ते तोडून भिंत बांधणे तोट्याचे आहे आणि बेकायदाही आहे. कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातील बांधकामालाही निर्बंध आहेत.

परवानगी

किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना प्रथम १९९१ साली निघाली व पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने काढण्यात आली. भरतीचे पाणी जेथपर्यंत पोहोचते त्या खाडीकाठांनाही ती लागू आहे. सातबारा आपल्या नावाचा असला तरी भरतीरेषेजवळ भिंत बांधण्यापूर्वी परवानगी लागते. भिंतीचा नकाशा, काठाची छायाचित्रे आणि खुंट्यांच्या मोजणीची वही घेऊन प्रथम तहसील कार्यालयात चौकशी करावी. राज्य पातळीवर हे काम महाराष्ट्र किनारपट्टी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण पाहते. खारभूमी योजनेच्या बंदिस्तीलगत जमीन असेल तर खारभूमी विभागाला विचारावे. वेळ लागतो, म्हणून दिवाळीनंतरच्या कामाचा अर्ज आदल्या वर्षीच करावा.

देखभाल

पहिल्या दोन पावसाळ्यांत प्रत्येक उधाणानंतरच्या ओहोटीला भिंतीजवळून एकदा चालत जावे. नळ्यांतून पाणी येते का आणि ते स्वच्छ आहे का, हे पाहावे. एखादी नळी कोरडी असेल तर ती तुंबली आहे, काठीने मोकळी करावी. गढूळ पाणी येत असेल तर मागची गाळणी फाटली आहे. पायथ्याचे दगड खाली बसले असतील तर वरून तेवढेच नवे टाकावेत. भिंतीमागच्या पट्टीत खळगा पडलेला दिसला तर तो लगेच मातीने भरून टाकू नये. आधी तेथे उकरून माती कोणत्या नळीतून किंवा सांध्यातून जाते ते शोधावे, त्या जागी कापड व खडी नव्याने बसवावी आणि मगच मुरूम भरून धुमसावा.